कुंडीतला छोटा गुलाब आणि डॉ. बी. पी. पाल

शेलार आणि भिवंडी परिसरात अंगणाची जागा आता गॅलरी, गच्ची आणि दारासमोरच्या चार कुंड्यांनी घेतली आहे. अशा जागेत मिनिएचर गुलाब चांगला बसतो. नर्सरीत त्याला कोणी बटन गुलाब म्हणते, कोणी मिनी गुलाब. फूट-सव्वा फूट उंचीचे झाड, इंच-दीड इंचाचे फूल आणि आठ ते दहा इंचांची कुंडी, एवढ्यात भागते. त्याविषयी विचारले जाणारे प्रश्न मात्र फिरून फिरून तेच दोन असतात. फूल सुंदर आहे, पण वास का नाही? आणि दिवाळीला आणलेले झाड पुढच्या श्रावणापर्यंत पाने गाळून काटकी का होते?

या दोन्ही प्रश्नांवर आपल्या देशात एका माणसाने अनेक दशके काम केले, आणि तो माणूस गुलाबासाठी नोकरीवर नव्हता. त्याचे नोकरीतले पीक गहू होते. कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना डॉ. बी. पी. पाल हे नाव एन.पी. ८०९ या गव्हाच्या वाणासोबत, परीक्षेपुरते, पाठ असते. गुलाब लावणाऱ्यांना ते त्याहून जास्त उपयोगाचे आहे.

मेम्यो ते पुसा

बेंजामिन पिअरी पाल यांचा जन्म २६ मे १९०६ रोजी पंजाबातील मुकंदपूर येथे झाला. वडील डॉक्टर होते. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये गेले. पाल यांचे बालपण तिथल्या मेम्यो या डोंगरावरच्या थंड हवेच्या गावात गेले. गुलाबाची आणि चित्रकलेची आवड त्यांना तिथेच लागली आणि दोन्ही आयुष्यभर टिकल्या. रंगून विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून ते इंग्लंडला केंब्रिजला गेले.

केंब्रिजमध्ये त्या वेळी गहू पैदाशीचे मोठे काम चालू होते. तिथल्या रोलंड बिफेन यांनी १९०५ साली दाखवून दिले होते, की पिवळ्या तांबेऱ्याला तोंड देण्याची गव्हाची ताकद मेंडेलच्या नियमांप्रमाणे पुढच्या पिढीत उतरते. आज हे साधे वाटते. पण त्याचा अर्थ मोठा होता. रोग आला की औषध शोधायचे, हा एक मार्ग. रोग लागणारच नाही असे झाड संकरातून घडवायचे, हा दुसरा. पाल यांनी दुसऱ्या मार्गाचे शिक्षण बिफेन आणि फ्रँक एंगलडो यांच्या हाताखाली घेतले. डॉक्टरेट मिळवून ते परतले, काही काळ ब्रह्मदेशात भातावर काम केले आणि १९३३ साली बिहारमधील पुसा येथील इंपीरियल कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले.

रुजू होऊन काही महिने झाले असतील, तोच १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. पुसाच्या इमारतीचे जबर नुकसान झाले. पुढे १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलवली गेली. दिल्लीतल्या त्या भागाला आजही पुसा म्हणतात, ते यामुळेच. १९३७ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, पाल त्या विभागाचे प्रमुख झाले.

वीस वर्षांचा गहू

गव्हावर तीन तांबेरे येतात : काळा, तपकिरी आणि पिवळा. एका तांबेऱ्याला दाद न देणारे झाड दुसऱ्याला बळी पडते. त्यात बुरशीच्या स्वतःच्याही अनेक जाती असतात आणि त्या बदलत राहतात. आपल्या महाराष्ट्राला याची झळ चांगलीच माहीत आहे. दक्षिणेत नीलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरांवर काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू वर्षभर टिकतात आणि हंगामात वाऱ्याबरोबर दख्खनच्या गव्हावर येतात. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र उभे राहिले, त्यामागेही तांबेऱ्याचाच प्रश्न आहे.

पाल यांना एकाच झाडात तिन्हींचा प्रतिकार हवा होता. देशी-परदेशी वाण गोळा करायचे, एकमेकांशी संकर करायचे, पुढच्या पिढ्या मुद्दाम रोगाच्या तोंडी द्यायच्या आणि जी झाडे तगतील त्यांचेच बी पुढे न्यायचे. अशी जवळजवळ वीस वर्षे गेली. १९५४ मध्ये एन.पी. ८०९ हा तिन्ही तांबेऱ्यांना प्रतिकार करणारा वाण पुढे आला. मधल्या काळात देशाने बंगालचा दुष्काळ पाहिला, फाळणी पाहिली. पाल १९५० मध्ये संस्थेचे संचालक झाले. १९४१ मध्ये आनुवंशशास्त्र व वनस्पती पैदास यांची भारतीय संघटना उभी करण्यात ते पुढे होते आणि तिच्या नियतकालिकाचे संपादन त्यांनी पंचवीस वर्षे केले.

हे सगळे गुलाबाच्या लेखात सांगण्याचे कारण एवढेच, की गुलाबात त्यांनी वेगळे काही केले नाही. पद्धत तीच होती, फक्त पीक बदलले.

घरच्या बागेतली पैदास

पाल यांनी लग्न केले नाही. कामाच्या वेळेबाहेरचा बराचसा वेळ बागेत जाई. त्या काळी भारतात चांगला गुलाब म्हणजे युरोपातून आलेला गुलाब. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनीतल्या नर्सऱ्यांनी आपल्या हवेत निवडलेली झाडे इथे आणली जात. तिथे उन्हाळ्यात फुलणारे झाड इथे हिवाळ्यात फुलते, हे ठीक. पण इथल्या उन्हात गडद रंग करपतात, उघडलेले फूल दुपारपर्यंत मान टाकते, आणि पावसाळ्याचे चार महिने कसे काढायचे हे त्या झाडाच्या रक्तातच नसते. पाल यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की इथल्या हवेत टिकणारा गुलाब इथल्याच हवेत पेरून, इथेच निवडायला हवा. जो नियम गव्हाला, तोच गुलाबाला.

गुलाबाचा संकर करणे अवघड नाही, वेळखाऊ आहे. हिवाळ्याच्या बहरात कळी उमलण्याच्या आदल्या टप्प्यावर तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाकायचे. दुसऱ्या निवडलेल्या झाडाचे परागकण कुंचल्याने कुक्षीवर लावायचे, कागदी पिशवी बांधायची, चिठ्ठी लावायची. फळ पिकायला तीन ते चार महिने लागतात, आणि उन्हाळा लवकर तापला तर बरीच फळे आधीच गळतात. पिकलेल्या फळातल्या बियांना काही आठवडे थंडावा द्यावा लागतो, तरीही सगळ्या उगवत नाहीत. उगवलेल्या रोपांतले शेकड्यांनी फेकून द्यायचे. उरलेल्यांतले निवडक डोळे खुंटावर भरायचे आणि पुढची काही वर्षे प्रत्येक ऋतूत पाहत राहायचे. एवढे करून हाती एखादे नाव देण्याजोगे झाड लागते.

असे शंभराच्या आसपास वाण पाल यांच्या नावावर आहेत. ‘दिल्ली प्रिन्सेस’ १९६३ चा, ‘बंजारन’ १९६९ चा. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा १९६२ चा ‘रोज शरबत’. तो ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ या गुलाबाच्या वंशातला. हा मूळ गुलाब ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या रुडॉल्फ गेश्विंड यांनी काढलेला, १८९७ पासूनचा. भारतात तो वासासाठी आणि गुलकंदासाठी खूप लावला गेला. पाल यांनी नव्या आकर्षक आकाराच्या मागे न जाता हा जुना, फुलाने साधा, पण वासाने भरलेला आणि इथल्या हवेला सरावलेला गुलाब मातृवृक्ष म्हणून घेतला. ‘रोज शरबत’चे फूल गडद गुलाबी, झुपक्यांत येणारे आणि चांगल्या वासाचे असते. माझ्या मते त्यांच्या सगळ्या वाणांत हीच निवड त्यांची दृष्टी सर्वांत स्पष्ट दाखवते.

त्यांच्या वाणांतला एक आपल्या भागाशी जोडलेला आहे. डॉ. होमी भाभा यांचे २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात निधन झाले. ट्रॉम्बेच्या अणुशक्ती केंद्रातली झाडे आणि बागा हा भाभांच्या खास जिव्हाळ्याचा विषय होता. १९६८ मध्ये पाल यांनी आपल्या एका पांढऱ्या गुलाबाला त्यांचे नाव दिले.

वास गेला कुठे

गुलाबाचा वास एकाच गुणावर चालत नाही. पाकळीतून उडून जाणारी अनेक द्रव्ये मिळून तो बनतो आणि ती तयार करणारी यंत्रणा आनुवंशिक असते. नुसत्या आकारासाठी, रंगासाठी आणि फुलदाणीत जास्त दिवस टिकण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली, तर वासाकडे कोणी पाहिलेच नाही म्हणून तो मागे पडतो. २०१५ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी गुलाबात वासाचे एक मुख्य द्रव्य तयार करणारे विकर शोधले आणि वास नसलेल्या जातीत ते जवळजवळ काम करत नाही असे दाखवले. पाल यांच्या हयातीत ही माहिती नव्हती. त्यांनी नाकाने निवड केली, आणि घरच्या बागेत आजही तेच साधन पुरेसे आहे.

मिनिएचर गुलाबाला हा प्रश्न जास्त भेडसावतो. त्याचे मूळ चीनमधल्या बुटक्या, बारमाही फुलणाऱ्या गुलाबात आहे. चिनी गुलाब युरोपात गेले ते काही अंशी कलकत्त्याच्या वाटेने, म्हणून त्यांना तिकडे बंगालचा गुलाबही म्हणत. बुटकेपणाचा गुण प्रबळ असल्याने संकराच्या पहिल्याच पिढीत उतरतो. हॉलंडच्या यान द व्हिंक यांनी आणि स्पेनच्या पेद्रो डॉट यांनी १९३० ते १९५० च्या दरम्यान त्यावर काम केले. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या राल्फ मूर यांनी तीनशेहून जास्त मिनिएचर जाती काढल्या. मूर यांचा जन्म १९०७ चा, पाल यांच्याहून एका वर्षाने लहान. जांभळ्या झुपक्यांची ‘स्वीट चॅरियट’ ही त्यांची १९८४ ची जात वासासाठी नावाजलेली आहे. म्हणजे छोट्या झाडात वास बसत नाही असे नाही, त्यासाठी निवड कमी झाली एवढेच.

बुटके झाड, भरलेली ओंबी

मे १९६५ मध्ये पाल भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. त्याआधी या पदाच्या जागी प्रशासकीय अधिकारी असत. शास्त्रज्ञाकडे परिषदेची सूत्रे आली ती त्यांच्यापासून. लगेच पुढची दोन वर्षे दुष्काळाची होती आणि देश आयात धान्यावर होता. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले गेले. उंच देशी गव्हाला खत जास्त दिले की तो लोळतो. बुटका गहू खत पचवून उभा राहतो आणि जोर काडीऐवजी दाण्यात जातो. संशोधनाची बाजू एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी सांभाळत होते, आणि त्या कामाला लागणारी अखिल भारतीय चौकट पाल यांच्या काळात भक्कम झाली. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चे, अकोल्याचे १९६९ चे, म्हणजे याच वर्षांतले.

इतक्या धावपळीत १९६६ सालीच त्यांचे भारतातील गुलाबांवरचे इंग्रजी पुस्तक परिषदेने प्रसिद्ध केले. जाती, लागवड, छाटणी, रोग, सगळे इथल्या हवामानाच्या हिशेबाने लिहिलेले. फुलझुडपे, वेली आणि बोगनवेल यांवरही त्यांनी लिहिले. भारतीय गुलाब संघटनेच्या स्थापनेतही त्यांचा हात होता.

जानेवारी १९७२ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. निवृत्तीनंतर पर्यावरणाच्या राष्ट्रीय समितीचे काम पाहिले, पण मुख्य वेळ गुलाबाचाच राहिला. १९८७ मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि १४ सप्टेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. आपली मालमत्ता त्यांनी संस्थेला देऊन टाकली.

शेलारच्या गॅलरीत हे कसे वापरायचे

दिल्लीची कोरडी थंडी आपल्याकडे नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सतत ओल, ऑक्टोबरात उकाडा, नंतर दोन-अडीच महिने बरी हवा आणि मार्चपासून पुन्हा तापलेली गच्ची. त्यामुळे दिल्लीत चांगला ठरलेला वाणही इथे चांगला ठरेलच असे नाही. पाल यांची पद्धत घ्यावी, त्यांची यादी डोळे मिटून घेऊ नये.

झाड घेताना नाव विचारण्याआधी वास घ्यावा. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, अर्धवट उमललेल्या फुलाचा. दुपारच्या उन्हात किंवा फ्रीजमधून आलेल्या फुलात वास कळत नाही. नर्सरीतल्या बहुतेक बटन गुलाबांवर जातीचे नाव नसतेच, तेव्हा नाकावर भरवसा ठेवणे हाच उपाय. पाने तळापर्यंत शाबूत आहेत का, हेही पाहावे. वरून हिरवेगार आणि खाली उघड्या काड्या असलेले झाड काळ्या ठिपक्याने पाने गाळत असण्याची शक्यता मोठी.

मिनिएचर शक्यतो स्वतःच्या मुळावरचे, म्हणजे कलमकाडीपासून केलेले घ्यावे. खुंटावर डोळा भरलेले झाड अंगाने मोठे होते आणि खालून खुंटाचे रानटी फुटवे येत राहतात. ते वेळेवर काढले नाहीत तर वर्षभरात मूळ जातच दबून जाते आणि मालक म्हणतो, गुलाबाचा रंग बदलला. ‘रोज शरबत’सारखा वाण मिळाला तर त्याला चौदा-सोळा इंचांची कुंडी लागेल, तो मिनिएचर नाही. पण एका कुंडीची जागा असेल आणि वास हवा असेल, तर मी चार बिनवासाच्या बटन गुलाबांऐवजी तोच सुचवेन.

कुंडीत दोन भाग चांगली माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. तळाचे छिद्र मोकळे हवे आणि कुंडी दोन विटांवर ठेवलेली बरी. उन्हाचे किमान पाच-सहा तास मिळालेच पाहिजेत. उत्तरेकडच्या गॅलरीत गुलाब लावून उपयोग नाही. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तर पाण्यातले क्षार साचत आहेत असे समजावे. बोअरवेलच्या पाण्यावरच्या कुंड्यांत हे बरेचदा दिसते. महिन्यातून एकदा साठवलेले गोडे पाणी भरपूर घालून माती धुऊन काढावी. रस्त्यालगतच्या आणि यंत्रमागाजवळच्या घरांत पानांवर धूळ आणि तंतू बसतात. पाने धुवायची तर सकाळीच, म्हणजे ऊन चढेपर्यंत ती वाळतील. उन्हाळ्यात लाल कोळी पानांच्या खालच्या बाजूला असतो, तेव्हा पाण्याचा फवारा खालून मारावा.

काळ्या ठिपक्याचा बीजाणू पानात शिरायला पान सलग सात-आठ तास ओले राहावे लागते. पावसाळ्यात आपल्याकडे ते रोजचेच. म्हणून जूनच्या सुरुवातीला कुंड्या छज्जाखाली, पण उजेडात सरकवाव्यात, दोन झाडांत वीतभर अंतर ठेवावे, पाणी मुळाशीच द्यावे आणि गळलेली पाने रोज उचलून कचऱ्यात टाकावीत, मातीवर राहू देऊ नयेत. एवढ्याने निम्मा रोग आटोक्यात राहतो. बुरशीनाशक वापरायचेच असेल तर ताम्रयुक्त किंवा मॅन्कोझेब, लेबलवरच्या प्रमाणातच. गुलकंदासाठी किंवा खाण्यासाठी पाकळ्या घेणार असाल तर त्या झाडावर रासायनिक फवारणी करू नये. डिसेंबर-जानेवारीत थंड रात्री आणि कोरडे दिवस आले की कोवळ्या शेंड्यांवर भुरी येते. तेव्हा नत्र कमी करावे, शेंडा खुडून टाकावा.

मुख्य छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यानंतर करावी. मिनिएचरला मोठ्या गुलाबासारखे जमिनीपर्यंत कापायचे नसते. वाळलेल्या, आत वळलेल्या आणि पेन्सिलीपेक्षा खूपच बारीक काड्या काढून उरलेले झाड एक तृतीयांश कमी केले की पुरे. काप बाहेरच्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका. जाड कापांवर बोर्डो मलम लावावा, नाहीतर शेंड्याकडून मर खाली उतरते. छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी फुले येतात.

छाटलेल्या काड्या फेकू नयेत. फूल येऊन गेलेल्या, चार इंचांच्या काड्या खालची पाने काढून वाळू आणि कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात लावाव्यात, वरून पारदर्शक पिशवीचे झाकण द्यावे आणि सावलीत ठेवाव्यात. महिना-सव्वा महिन्यात मुळे धरतात. काड्या कोणत्या झाडाच्या घ्यायच्या, हे मात्र पावसाळ्यातच ठरवून ठेवावे. गणपतीच्या दिवसांत ज्या कुंडीतल्या झाडावर सर्वांत जास्त पाने टिकून आहेत, त्या कुंडीला दोरा बांधावा. त्याच झाडाच्या फुलाला वासही असेल, तर ऑक्टोबरात दहा काड्या त्याच्याच लावाव्यात आणि प्रत्येकीला तारखेची चिठ्ठी जोडावी.